चार पायांचं फुलपाखरू

शालन कांबळे, इयत्ता चौथी, तुकडी ब. हे नाव मी पहिल्याच ओळीत लिहिते आहे, त्याला कारण आहे. ते पुढे येईल. आधी माझा गाढवपणा सांगते.

चाळीसेक वर्षांपूर्वी मी लालबागच्या एका शाळेत शिकवत होते. वय अठ्ठावीस. नुकताच अंबाडा घालायला लागले होते आणि स्वतःला फार हजरजबाबी समजत होते. वर्ग हसला की मला वाटायचं, आज शिकवणं झालं. त्या वर्षी चित्रकलेच्या स्पर्धेला प्रत्येक वर्गातून एकच चित्र पाठवायचं होतं. शालननं रुईच्या झुपक्यावर बसलेलं केशरी फुलपाखरू काढलं होतं. पंखांना काळी किनार, किनारीत पांढरे ठिपके, रुईच्या फुलाचा तो मेणचट जांभळा रंगसुद्धा तिला साधला होता. दुसऱ्या कुणाचं चित्र त्याच्या जवळपासही नव्हतं. मी मात्र पाय मोजले. चार भरले. कीटकाला सहा पाय असतात, हे मी आदल्याच आठवड्यात फळ्यावर लिहून दिलं होतं. मी कागद सगळ्या वर्गासमोर धरला, लाल पेन्सिलीनं चांगले जाडजूड दोन पाय स्वतः काढून दिले आणि म्हटलं, "चार पायांची ती बकरी. शालनच्या बकरीला पंख फुटलेत."

वर्ग हसून लोळला. शाळा सुटेपर्यंत तिचं नाव बकरी झालं होतं. स्पर्धेला मी हेडमास्तरांच्या पुतण्याचं चित्र धाडलं. त्याच्या फुलपाखराला मिशा होत्या, पण पाय सहा होते.

याहून वाईट गोष्ट अशी, की पुढे चाळीस वर्षं मी हा किस्सा सांगत राहिले. हळदीकुंकवात सांगितला, निरोपसमारंभात सांगितला, लग्नाच्या मांडवात सांगितला. पंख फुटलेली बकरी म्हणजे माझं हुकमी पान होतं.

निघताना

निवृत्तीनंतर मी कुडाळजवळ आमच्या गावी राहते. माझी नात सई दादरला असते, इमारतींचे नकाशे काढते. कोजागिरीनंतर तिनं फोनवर एक फोटो पाठवला. चिंचपोकळीहून लालबागकडे येताना बंद गिरणीची जी लांबलचक मागची भिंत लागते, तिच्यावर म्हणे इथलीच फुलपाखरं आणि इथलीच रानफुलं रंगवताहेत. अशा आणखीही भिंती आहेत, दादरला, गिरगावात. "आजी, तुझ्या शाळेची गल्ली बघ," असं तिनं खाली लिहिलं होतं.

मी फोटो दोन बोटांनी मोठा केला. केशरी फुलपाखरू होतं, रुईवर बसलेलं. माझ्यातली मास्तरीण काही मेलेली नाही. मोजले. चार.

मग मला घरात बसवेना. शेतात भात कापायला आलं होतं. शेजारची आवडाबाय कंबरेवर हात ठेवून म्हणाली, "भात उभा आसा आणि तू मुंबैक खंय चललंस?" मी म्हटलं, फुलपाखराचे दोन पाय राहिलेत, ते लावून येते. तिनं माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की तिनं लगेच सईला फोन केला असता तरी मी तिला दोष दिला नसता. पिशवीत नाचणीचे लाडू, दोन लुगडी आणि सवयीनं एक लाल पेन्सिल टाकली, आणि निघाले. रात्रभरच्या बसबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. माझे गुडघे तिला कधी विसरणार नाहीत, एवढं पुरे.

बुधवार, दादर

आमच्याकडे सोनकी बांधावर उगवते, कुर्डूची भाजी करतात, टाकळा पायाखाली जातो. कुणी थांबून बघत नाही. दादरला पुलाखालच्या खांबावर तीच सोनकी माझ्या डोक्याएवढी काढलेली होती आणि माणसं तिच्याशेजारी उभी राहून फोटो काढत होती. पन्नास पावलांवर फुलबाजारात गाडाभर झेंडू ओतलेला होता, त्याच्याकडे बघायला कुणाला फुरसत नव्हती. मला वाटलं, उद्या आमच्या गोठ्याची भिंत रंगवून घ्यावी, म्हणजे आवडाबायला तिच्या परसातला तेरडा दिसेल.

सई मला एकेक खांब दाखवत होती. निळंकाळं मखमली, ते आपल्या राज्याचं फुलपाखरू. दुसरं पांढरं-पिवळं, कडेला लाल ठिपक्यांची ओळ, त्याचं नाव हळदीकुंकू. नाव ठेवणाऱ्याच्या हातावर साखर ठेवावी असं वाटलं. मी चष्मा वर करून दोघांचे पाय मोजले. सहा आणि सहा.

"म्हणजे इथले रंगारी शिकलेले आहेत," मी म्हटलं. "चिंचपोकळीचेच ढ दिसतात."

सईनं माझ्या पिशवीकडे पाहिलं. आत लाल पेन्सिल असते, हे तिला ठाऊक आहे.

गुरुवार, चिंचपोकळी

सई कामावर गेली म्हणून मी एकटीच टॅक्सीनं निघाले. टॅक्सीवाल्याला गिरणीचं जुनं नाव सांगितलं, गेटपाशी सोड म्हटलं. त्यानं मान हलवली आणि लोअर परळच्या एका काचेच्या दरवाजापुढे मला उतरवून निघूनही गेला. गिरणी ती नव्हे, पण गिरणीच होती एके काळी. आता आत थंड हवा आणि बाहेर पिशवी तपासणारी बाई. तिनं माझा लाडवांचा डबा उघडून हुंगला. आत खाण्याचं चालत नाही म्हणाली. मी म्हटलं, मला आत जायचंच नाही, मला फक्त रस्ता सांग. तेवढ्यात माझ्यामागे रांग लागली होती. शेवटी मी पायरीवर बसून एक लाडू खाल्ला, एक तिला दिला आणि तिनं सांगितलेल्या वाटेनं दुसरी टॅक्सी धरली.

भिंत मात्र फोटोत मावणारी नव्हतीच. फाटकापासून वळणापर्यंत काळ्या दगडावर फुलं. त्यात गुलाब नाही, कमळ नाही. रुई, टाकळा, कौलांवर उगवणारी लव्हाळ्यासारखी बारीक गवतफुलं. एका जागी तेरड्याचा अख्खा पट्टा होता आणि त्याच्या खाली खराखुरा तेरडा अर्धा वाळून, शेवटच्या फुलांनिशी उभा होता. गौरी-विसर्जनानंतर लोकांनी कडेला टाकलेल्या गौरींचं बी पडून तो उगवत असणार. जिवंत फूल आणि भिंतीवरचं फूल एकमेकांच्या ओळखीचं असल्यासारखं. मला ते फार आवडलं. पण मी आवडायला आले नव्हते.

बांबूच्या परांचीवर एक मुलगी बसून रंगवत होती. नाव रेश्मा. लालबागच्या कारखान्यांत गणपतीच्या मूर्तींचे डोळे आखते, आणि गणपती गेले की भिंतींची कामं घेते. पंखावरचा ठिपका ती ज्या ठाम हातानं टेकवत होती, तो डोळे आखणाऱ्याचाच हात. मी खालून हाक मारली.

"पोरी, तुझ्या फुलपाखराचे दोन पाय कुठे पडले?"

तिनं खाली वाकून बघितलं. "मोजले तुम्ही? भारी आजी आहात. सगळे नुसते सेल्फी काढून जातात."

मी खूश झाले. श्रोता मिळाला की माझ्या जिभेला हाड राहत नाही. म्हटलं, ऐक, तुला गंमत सांगते. याच गल्लीत शाळा होती, मी तिथं शिकवायचे, आणि एका मुलीनं असंच चार पायांचं काढलं होतं. मी हातवारे केले, आवाज बदलले, बकरीवर आले. पंख फुटले. इथं माणसं हसतात. रेश्मा हसली नाही. तिनं ब्रश डब्याच्या काठावर आडवा ठेवला.

"म्हणजे लाल पेन्सिलवाल्या बाई तुम्ही?"

लाल पेन्सिल मी अजून गोष्टीत काढलीच नव्हती. ती शेवटी यायची.

ती खाली उतरली. रागावली नव्हती, अवघडली होती. तिनं फोनमध्ये जवळून काढलेला एक फोटो दाखवला. त्याच केशरी फुलपाखराचा, समोरून. डोक्याखाली, छातीशी, दोन बारीक केसाळ काड्या आवळून धरलेल्या. थंडीत आपण हात काखेत घालतो तशा.

"आहेत सहाच," ती म्हणाली. "पण पुढचे दोन ते टेकवतच नाही. या कुळातली सगळी चारावरच उभी राहतात. हळदीकुंकू वेगळ्या कुळातलं, ते सहावर. मॅडमनी शिकवलं आम्हाला."

कुठल्या मॅडम, हे मी विचारायला नको होतं, पण विचारलं. कांबळे मॅडम. मागच्याच चाळीत राहतात, परळच्या एका इस्पितळाच्या लॅबमध्ये कामाला आहेत. या भिंतीवर काय यायचं ते त्या ठरवतात. जे या गल्लीत कुणीतरी डोळ्यांनी पाहिलंय तेच काढायचं, हा त्यांचा नियम. रोज चार वाजता येऊन काम तपासतात.

माझ्या घड्याळात चाराला वीस मिनिटं कमी होती. मला एकदम आठवलं की गिरगावात माझं फार महत्त्वाचं काम आहे.

गुरुवारीच, गिरगाव

काहीही काम नव्हतं. एका जुन्या उपाहारगृहात बसून साबुदाणा वडा आणि पियूष मागवलं. पियूष पूर्वीसारखंच दाट होतं आणि मी ते अर्ध्यावर ठेवलं. समोरच्या गल्लीच्या तोंडाला भिंतीवर हळदीकुंकू होतं. मी पुन्हा मोजले. सहा. काही उपयोग झाला नाही.

वर्गात ती मुलगी कुठे बसायची, तेही मला आठवेना. किस्सा एवढा घोटून घोटून सांगितला होता की त्यातली माणसं झिजून गेली होती. बकरी तेवढी उरली होती. आणि हसणारा वर्ग, आणि मी.

संध्याकाळी सईला सांगितलं. मला वाटलं होतं, ती म्हणेल जाऊ दे गं, तुला काय माहीत. ती कांदा चिरत होती. चिरता चिरता म्हणाली, "आजी, लहानपणी मी काढलेली चित्रं तू बघितली आहेस का कधी?"

मी म्हटलं, तू कुठं काढायचीस चित्रं?

"खूप काढायचे. तू यायच्या आधी कपाटात ठेवायचे."

एवढंच बोलली. चिडून नाही. कांदा परतला, मला गरम पोळी वाढली. मी दोन खाल्ल्या आणि तिसरीला नको म्हटलं. हे माझ्या बाबतीत आजारपणाचं लक्षण मानतात.

शुक्रवार, चिंचपोकळी

सकाळी मी पिशवीतली लाल पेन्सिल काढून सईच्या कचऱ्याच्या डब्यात टाकली, मग नाटकीपणा वाटला म्हणून परत उचलली. पेन्सिलीचा काय दोष. चार वाजता भिंतीपाशी उभी राहिले. रेश्मानं मला पाहिलं आणि बसायला उलटा डबा दिला.

शालन वळणावरून चालत आली. पन्नाशीची, केस आखूड कापलेले, खांद्यावर कापडी पिशवी. ती आधी भिंतीकडे बघत आली, मग माझ्याकडे. मी उठले. अगं म्हणावं की अहो, ते सुचेना. मी रात्रभर एक वाक्य तयार केलं होतं. ते विसरले.

"बाई," ती म्हणाली. "ऊन आहे. वर चला."

जिने चढताना मला ते घर आठवलं. पटनोंदणीच्या वेळी आम्ही शिक्षिका चाळीचाळीत फिरायचो. दुसऱ्या मजल्यावर, कोपऱ्याची खोली, दारावर निळी पट्टी, आत बुद्धाची तसबीर. बाकीच्या बिऱ्हाडांत मी चहा घेतला होता. इथं तिच्या आईनं कप पुढे केला, तेव्हा मी म्हटलं होतं, आज माझा उपास आहे. उपासाला चहा चालतो हे मलाही ठाऊक होतं, तिच्या आईलाही.

गॅलरीत तेलाच्या डब्यांत रुई, पानफुटी, कढीपत्ता, लिंबू लावलेले. पानं अळ्यांनी कुरतडलेली, सगळी मुद्दाम तशीच ठेवलेली. शालननं चहा केला. मी सगळा प्यायले आणि आणखी मागितला. तिनं भुवई किंचित वर केली. तिलाही उपास आठवला असेल, असं मला वाटलं. विचारायची हिंमत झाली नाही.

मग मी एकदाचं बोलले. म्हटलं, चूक तुझी नव्हती, माझी होती. मला माहीत नव्हतं. चार पाय बरोबर होते.

"तुमचे सहापण बरोबर होते," ती म्हणाली.

आणि तिनं मला जे सांगितलं, ते माझ्या किस्स्यात कधी नव्हतंच. त्या दिवशी शाळा सुटल्यावर ती रडत घरी नाही गेली. भिंतीजवळच्या रुईपाशी गेली. बाईंनी सहा सांगितलेत म्हणजे सहा असणार, आपल्यालाच मोजता येत नाही, म्हणून तिनं पुन्हा मोजले. चार. दुसऱ्या दिवशी दुसरं फुलपाखरू बघितलं, तेही चार. तिला वाटलं, आपल्या गल्लीतली फुलपाखरंच कमी पायांची. तिचे वडील गिरणीत कापड तपासायचे. त्यांच्याजवळ धागे मोजायचं एक घडीचं पितळी भिंग होतं. ते तिनं मागून घेतलं. आठवडाभर रुईखाली बसली. आणि एका संध्याकाळी, फुलपाखरू पंख मिटून समोर वळलं असताना, तिला ते छातीशी धरलेले दोन पाय दिसले.

"दुसऱ्या दिवशी बाटलीत ते फुलपाखरू घेऊन आले. भिंगपण आणलं. मधल्या सुट्टीत तुमच्या टेबलापाशी उभी राहिले. तुम्ही वह्या तपासत होता."

मी विचारलं, मग?

"तुम्ही वर बघितलं नाही. म्हणालात, बस खाली, बकरी."

मला हे आठवत नाही. 'आठवत नाही' असं खोटं सांगून सुटता येईल अशी वेळ होती, पण खरंच आठवत नाही. कीटकाचे पाय न कळणं हे अज्ञान. त्याची लाज वाटते, पण ती सोसता येते. मूल उत्तर घेऊन हातभर अंतरावर उभं होतं आणि मी मान वर केली नाही, ही लाज मी कुठं ठेवू, ते मला अजून कळलेलं नाही. बाटलीतलं फुलपाखरू तिनं शाळेच्या जिन्यात सोडलं, असं ती म्हणाली. त्यानंतर वर्गात हात वर केला नाही.

तिनं आत जाऊन ते भिंग आणलं. कडा झिजून पिवळ्याधमक झालेल्या. रुईच्या पानाखाली नुकतंच कोशातून बाहेर आलेलं एक फुलपाखरू पंख वाळवत लोंबत होतं. मी गुडघे टेकले. या गुडघ्यांना ते परवडत नाही, पण टेकले. भिंग डोळ्याशी धरलं. भिंगाचं अंतर जमेना, म्हणून शालननं माझं मनगट धरलं, लॅबमध्ये नव्या मुलींचं धरत असेल तसं. दोन पाय होते. एवढेसे, दुमडलेले. चार पायांनी ते पान व्यवस्थित धरून होतं आणि त्याला कुणाच्या लाल पेन्सिलीची गरज नव्हती.

मी तिला म्हटलं, माझी माफी मागायची लायकी नाही, पण मागते. आणि चाळीस वर्षं 'एका मुलीची गंमत' म्हणून सांगत आलेला तो किस्सा यापुढे कधीही, कुणालाही सांगणार नाही, हे वचन देते. मला वाटलं, हे तरी तिला बरं वाटेल.

ती भिंगाची घडी घालत होती. माफ केलं असं ती म्हणाली नाही, आणि मी ते विचारलं नाही. मला टॅक्सीपर्यंत सोडायला खाली आली. भिंतीपाशी थांबून तिनं रेश्माला एका ठिपक्याची जागा चुकल्याचं दाखवलं, हळू आवाजात, वर परांचीकडे बघत, आणि रेश्मानं काय म्हटलं ते पूर्ण ऐकून घेतलं. मग माझ्यासाठी टॅक्सीचं दार उघडलं, मी बसले, आणि खिडकीशी वाकून ती म्हणाली:

"सांगा बाई, खुशाल सांगा. फक्त यापुढे नाव घालून सांगा. शालन कांबळे. चाळीस वर्षं तुमच्या गोष्टीत मला नावच नव्हतं."